अक्षर

कुडचड्याची हायर सेकंडरी, अकरावी ब.
खिडकीच्या गजांवर खाणीची तांबडी धूळ.
ट्रक बंद पडले त्या वर्षीही ती होती म्हणे,
माणसं घरी बसली, धूळ कामावर येत राहिली.
बाहेर बोंडूंचा आंबूस वास,
आत मी, आणि बिस्किटांचा रिकामा डबा,
झाकणाला चाकूनं पाडलेली फट.

अकरा वर्षं हेच करतेय.
किसुमूत, लिलाँग्वेत, मग जिनिव्हात एका टेबलाशी,
जिथे पंधरा ते एकोणीस हा एक रकाना असतो
आणि मुलं दशांशचिन्हानंतर येतात.
किशोरवयीन हा शब्द मी हजारदा लिहिला असेल,
एकाही पोरानं स्वतःला तसं म्हटलेलं ऐकलं नाही.

बोलले. निरोध दाखवला.
मागच्या बाकावर हसू फुटलं,
पुढे रेमेदियानं वहीत उगाच समास आखला,
आखलेल्यावर पुन्हा आखला.
मग माझं पाठ झालेलं वाक्य:
सावध राहिलं की हा आजार आपल्याकडे येत नाही.

डबा फिरला.
डास चावला तर?
चुंबनानं होतं का? त्याखाली दुसऱ्या पेनानं:
ह्याला कोण देणार!
बाई, तुमचं लग्न झालंय?
एक कोरी, आठ घड्या घातलेली.
आणि एक रेघी कागदावर,
ळ ला मोठी गाठ मारलेली:
सहलीला गोळी नेली तर कुणाला कळेल का?
मी जन्मापासून सावध आहे.

पहिली ओळ मोठ्यानं वाचली.
दुसरी गिळली.

पंख्याकडे बघत म्हणाले,
डबी खडखडते, आत कापूस घालावा.
आणि गोळी रोज घेतली,
रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही,
तर तो जोडीदाराकडे जात नाही.
लग्नं होतात. मुलं होतात.
मग चष्मा काढला आणि पुसत राहिले,
एकेचाळीस चेहरे धूसर झाले तेवढे पुरे होईतो.

घंटेनंतर फातर्पेकर सर हात पुढे करून उभे.
माणूस वाईट नाही, सहलीचे पैसे
दोघातिघांचे स्वतः भरतो, शिपायानं सांगितलं.
"द्या त्या चिठ्ठ्या. अक्षर ओळखतो मी सगळ्यांचं.
कुणाला मदत लागली तर..."
वरचीच होती, ळ ला गाठ मारलेली.
"ही माझी," म्हटलं. "नमुन्यासाठी मीच टाकते एक."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.
माझा ळ त्यांनी फळ्यावर पाहिला होता.
"बरं," म्हणाले, आणि हात
खिशात ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

कापसाची युक्ती आचिएंगची.
एकोणीस वर्षांची, तळ्याकाठच्या दवाखान्यात
मुलांना बाकावर घेऊन बसायची,
आणि संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत घालून
त्यावर चहा करायची.
मी चिडले होते तेव्हा. केवढी माहिती जाळतेस!
ती म्हणाली, दूध संपलंय, कोराच पी.

मामाच्या भट्टीवर उर्राकाची धार लागली होती.
त्यानं विचारलं, कितें गो तें?
कागद, म्हटलं. सुके आहेत.
डास, चुंबन, माझं लग्न, सगळं भुर्रकन गेलं.
आठ घड्यांच्या कोऱ्या चिठ्ठीला मात्र वेळ लागला,
ती घडी घडी उलगडत जळाली.

गुरुवारी केप्याची शाळा.
तोच डबा, तेच हसू मागच्या बाकावर.
सावध राहिलं की, म्हणाले,
आणि पाणी मागितलं.
एका मुलीनं आपली बाटली दिली.
प्यायले. झाकण लावलं.
पुढचं वाक्य अजून सापडलेलं नाही.